आवाजाला दुसरी वाट हवी

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री पंढरपुरात झोप कुणालाच नसते. आम्ही तिघे प्रदक्षिणा मार्गावरच्या एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर सामान मांडून बसलो होतो. एका नभोवाणी केंद्रासाठी पहाटेचे धावते वर्णन द्यायचे होते. मी तंत्रज्ञ, सोबत एक निवेदिका आणि आमचे वरिष्ठ. त्यांना सगळे केंद्र अण्णा म्हणे. सतरंजीवर छोटा मिक्सर, दोन माइक आणि शेजारी पोळपाटाएवढा एक डबा, म्हणजे कोडेक. आवाजाचे आकडे करायचे, त्या आकड्यांच्या पुड्या बांधायच्या आणि मोबाइलच्या सिममधून केंद्रावर धाडायच्या, हे त्याचे काम. संध्याकाळी चारला चाचणी घेतली. ड्युटी रूममधल्या ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही पंढरपुरात आहात की आमच्या शेजारच्या स्टुडिओत?" मला फार बरे वाटले.

पहाटे प्रसारण सुरू झाले आणि सातव्या मिनिटाला आवाज फाटू लागला. आधी एखादे अक्षर गळे, मग शब्द, मग अर्धे वाक्य. खालून टाळ-मृदंगाचा कल्लोळ चढत होता आणि केंद्रावर पोचत होते त्याचे तुकडे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र सगळ्या रेघा भरलेल्या. केंद्राने दिलगिरी व्यक्त करून वाद्यसंगीत लावले. अण्णा काही न बोलता उठले, निवेदिकेला खूण करून जिना उतरले आणि ओसरीत बसलेल्या मालकीणबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमचा फोन वापरू का?" कोनाड्यात तारेचा जुना टेलिफोन होता. कंट्रोल रूमचा नंबर अण्णांना पाठ. पुढची पंचवीस मिनिटे निवेदिकेने रिसीव्हर कानाला लावून, दिंडीदरवाजातून दिसणाऱ्या पताकांकडे पाहत वर्णन केले. आवाज डब्यातून आल्यासारखा होता. पण एक अक्षर गळाले नाही.

हजारो रुपयांचा कोडेक हरला आणि कोनाड्यातला फोन जिंकला, असे का झाले, या प्रश्नाच्या मागे मी त्या पहाटेपासून आहे.

फोन जिंकला, कारण त्याच्यासाठी वाट राखलेली होती. तारेच्या फोनवर नंबर लागला, की एक्स्चेंजपासून एक्स्चेंजपर्यंत सेकंदाला ६४,००० बिटांची जागा तुमच्या नावाने बाजूला काढली जाते. तुम्ही बोला, गप्प बसा, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. गावात लाखो माणसे आली म्हणून ती आकसत नाही. गर्दीमुळे नवा नंबर लागणार नाही कदाचित, पण एकदा लागलेला फोन पातळ होत नाही. शिवाय त्या तारेला वीजही एक्स्चेंजच पुरवते, साधारण ४८ व्होल्टची. वाड्यातले दिवे गेले तरी फोन चालतो. त्याची उणीव एकच आणि तीही मोठी. तो ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी नेतो. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांतला फरक कळत नाही आणि मृदंगाचा धूम तर पोचतच नाही.

नभोवाणीने पहिली अनेक दशके याच राखीव वाटेवर काढली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. स्टुडिओ एकीकडे आणि प्रक्षेपक दुसरीकडे ही नभोवाणीची जुनी रीत. आजही चर्चगेटच्या स्टुडिओतला आवाज मालाडच्या मध्यमलहरी प्रक्षेपकापर्यंत न्यावा लागतो. हे नेणे तारेवरून होई. टेलिफोनचीच तांब्याची जोडी, पण खास निवडलेली. लांब तारेत वरच्या पट्टीतले स्वर अधिक झिजतात, म्हणून दुसऱ्या टोकाला समतोलक लावून तेच स्वर उचलून घ्यायचे. मैदानावरून क्रिकेट असो की मांडवातून मैफल, पोस्ट आणि तार खात्याकडे आधी अर्ज करायचा, लाइनचे भाडे भरायचे, लाइनमन येऊन जोडणी करून देई. दूरच्या केंद्रांसाठी लघुलहरी होत्या. दिल्लीहून १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा दूरदूरची केंद्रे दिल्लीचा लघुलहरी आवाज आपल्या ग्राहकयंत्रावर पकडून पुढे प्रक्षेपित करत. वातावरणाच्या लहरीप्रमाणे तो आवाज फुगे आणि बुडे. त्या काळच्या श्रोत्यांच्या कानांत विलंबित ख्यालाबरोबर ही भरती-ओहोटीही बसलेली आहे. पुढे इन्सॅट उपग्रह आले आणि केंद्रांच्या आवारात तबकड्या उभ्या राहिल्या.

या सगळ्यांत वाट तुमची असे. महाग असे, अर्ज-विनंत्यांनी मिळे, पण तुमची असे. आवाजाच्या दर्जाची हमी तार देणाऱ्याची होती. केंद्राच्या माणसाला माइक नीट लावणे आणि वेळेवर हजर राहणे एवढेच पाहायचे होते.

आकड्यांचा जमाना आला तो टेलिफोनच्याच दारातून. आयएसडीएन या नव्या प्रकारच्या लाइनमध्ये ६४,००० बिटांचे दोन मार्ग ग्राहकाच्या घरापर्यंत थेट आकड्यांच्या रूपात येत. दोन्ही जोडले, की सेकंदाला १२८ किलोबिट. आता हिशेब पाहा. स्टुडिओत सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजला जातो, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, आणि डावे-उजवे असे दोन प्रवाह. गुणाकार १,५३६ किलोबिट येतो. तो १२८ मध्ये बसवायचा, म्हणजे बारा भागांतले अकरा टाकून द्यायचे. कोणते अकरा टाकायचे?

या प्रश्नाला जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात उत्तर मिळाले. तिथले प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या मनात सत्तरच्या दशकापासून होते, की टेलिफोनच्या लाइनवरून संगीत पाठवता यावे. पेटंटच्या परीक्षकाने हे अशक्य म्हणून अर्ज नाकारला. झाइट्सर यांनी तो प्रश्न आपला विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग याच्याकडे सोपवला. ब्रांडेनबुर्ग यांनी आधार घेतला तो कानाच्या स्वभावाचा. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. जवळच्या पट्टीतला मोठा स्वर लहान स्वराला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचे कशाला? ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामातून जे उभे राहिले त्याला १४ जुलै १९९५ रोजी एमपी३ हे नाव मिळाले. आपण ते गाण्यांच्या फायलींमुळे ओळखतो. त्याचे मूळ मात्र टेलिफोनच्या लाइनवरून संगीत नेण्याच्या हट्टात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऐंशीच्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्मिथ यांनी दुसरी वाट काढली, तिचे नाव ॲप्टएक्स. ती आवाज चौपटच दाबते, पण दोन मिलिसेकंदांच्या आत. आवाज जास्त दाबायचा तर यंत्राला पुढचे-मागचे पाहून विचार करायला वेळ लागतो. घट्ट बांधलेली पुडी हवी की लवकर सुटणारी, हा सौदा तिथे सुरू झाला आणि आजही संपलेला नाही.

या दाबादाबीत आपल्या कानांनी सावध राहायला हवे अशी एक जागा आहे. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने कोडेक पारखण्यासाठी ध्वनिनमुन्यांची एक तबकडी केली. तिच्यातला अभियंत्यांना घाम फोडणारा एक नमुना कॅस्टनेट्सचा आहे. कॅस्टनेट्स हे स्पेनचे लाकडी वाद्य, आपल्या चिपळ्यांच्या जातीचे. एमपी३सारखा कोडेक आवाजाचा एक तुकडा घेऊन त्यात चूक वाटून टाकतो. तुकड्याच्या शेवटी चिपळीचा टणत्कार असेल, तर त्याची चूक टणत्काराच्या आधीच्या शांततेतही पसरते. चिपळी वाजण्याआधीच तिची सळसळ ऐकू येते. टाळांचेही तसेच. तंबोऱ्याची कथा निराळी. त्याच्या जवारीत इतके स्वर एकात एक गुंतलेले, की कमी बिटांत तो पाण्याखाली वाजल्यासारखा होतो. म्हणून मी म्हणतो, की कीर्तन, भजन, शास्त्रीय संगीत यांसाठी कोडेक निवडताना परदेशी माहितीपत्रकावर विसंबू नये. दोन चिपळ्या, एक तंबोरा आणि अनुभवी कान घेऊन बसावे. शिवाय एकदा दाबलेला आवाज पुन्हा पुन्हा दाबला जातो. मैदानावरून येताना एकदा, स्टुडिओतून प्रक्षेपकाकडे जाताना दुसऱ्यांदा, मोबाइल ॲपवर तिसऱ्यांदा. दर वेळी थोडी जवारी जाते. पहिल्या टप्प्यावर कंजूषपणा केला, तर पुढे काही केले तरी ती परत येत नाही.

आयएसडीएनपर्यंत वाट राखीवच होती. इंटरनेटने तीच काढून घेतली.

इंटरनेट म्हणजे सार्वजनिक रस्ता. आवाजाचे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि रस्त्यावर सोडायचे. तुकड्याला सगळे पॅकेटच म्हणतात. साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे. ६४ किलोबिटच्या आवाजात प्रत्येक पॅकेटात १६० बाइट आवाज आणि त्यावर ४० बाइट पत्ता-शिक्के. ओझ्याचा पाचवा हिस्सा पाकिटाचाच. पॅकेट लहान करून ५ मिलिसेकंदांचे केले तर उशीर घटतो, पण मग निम्मे ओझे पत्त्याचे होते. एखादे पॅकेट आधी निघून नंतर पोचते, एखादे वाटेत टाकून दिले जाते. रस्त्यावर कोणाचा हक्क राखलेला नाही. वारीच्या दिवशी मंत्र्यांची गाडी आणि भाजीचा टेम्पो एकाच चौकात अडकावेत तसे तुमचे थेट प्रसारण आणि कुणाचा तरी व्हिडिओ मोबाइलच्या एकाच मनोऱ्यापाशी अडकतात.

अशा रस्त्यावरून बोलणे जाईल, हे १९७४ सालच्या ऑगस्टमध्ये प्रथम दिसले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतून मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेपर्यंत, अमेरिकेच्या एका किनाऱ्याकडून दुसऱ्या किनाऱ्याकडे, अर्पानेट या जाळ्यावरून डॅनी कोहेन आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ९,६०० बिटांत संभाषण घडवले. त्या जाळ्याचा स्वभाव असा होता, की हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायचे आणि सगळे क्रमाने लागल्याशिवाय पुढे द्यायचे नाही. पत्रासाठी हे उत्तम. बोलण्यासाठी घातक. एक शब्द हरवला म्हणून पुढची दहा वाक्ये अडवून ठेवली तर संभाषण राहत नाही. कोहेन यांचा आग्रह होता, की आवाजाला वेळेवर पोचणे महत्त्वाचे, पूर्ण पोचणे नंतर. मला हे घरातल्या उदाहरणाने कळते. लोणचे उशिरा पोचले तर बिघडत नाही, मुरते. दुधाचे तसे नाही. ईमेल लोणच्याच्या बरणीसारखी, थेट आवाज दुधासारखा.

हाच विचार पुढे इंटरनेटच्या पायात घातला गेला. हमी देणारी टीसीपी ही पद्धत आणि फक्त धाडून देणारी यूडीपी ही पद्धत वेगळ्या झाल्या. यूडीपीचे वर्णन ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी अवघ्या तीन पानांत लिहिले. जानेवारी १९९६ मध्ये तिच्यावर आरटीपी बसवली गेली. ती प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का मारते, म्हणजे घेणाऱ्याला क्रम लावता येतो आणि कोणते हरवले तेही कळते. सप्टेंबर २०१२ मध्ये ओपस हा कोडेक आला. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत, बोलणे आणि गाणे दोन्ही नेणारा, आणि वापरायला विनामूल्य. छोट्या केंद्रांना मिळालेली ही मोठी देणगी आहे, असे मी मानतो.

मधल्या काळात निरनिराळ्या कंपन्यांचे कोडेक एकमेकांशी बोलत नसत. एका टोकाला एका कंपनीचा डबा, तर दुसऱ्या टोकालाही त्याच कंपनीचा हवा. २००७-०८ च्या सुमारास युरोपीय प्रसारक संघटनेने किमान सामायिक भाषा ठरवून दिली आणि तो त्रास बराच कमी झाला. इमारतीच्या आत आवाज जाळ्यावरून नेण्यासाठी २०१३ मध्ये एईएस६७ हे मानक आले. त्याचे पॅकेट एकाच मिलिसेकंदाचे. पण ते आपल्या मालकीच्या, राखलेल्या जाळ्यासाठी आहे. पंढरपूरच्या गच्चीवर त्याचा उपयोग नाही.

आता उशिराबद्दल, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. पंढरपूर ते पुण्यातले आमचे केंद्र साधारण २१० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाशाला हे अंतर कापायला एक मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तरीही त्या गच्चीवरचा आवाज केंद्रावर अर्ध्या सेकंदाने पोचत होता. हा उशीर अंतराचा नसून आपण मुद्दाम ठेवलेला असतो. पॅकेटे निघतात दर २० मिलिसेकंदांनी, पण पोचतात कधी १५ नी, कधी ४० नी, कधी तीन एकदम. म्हणून घेणारा डबा थोडी साठवण करतो आणि त्यातून एकसारख्या चालीने वाजवतो. दुष्काळी गावातल्या टाकीसारखे हे आहे. टँकर अनियमित येतो, नळ नियमित चालतो, तो टाकीमुळे. टाकी मोठी ठेवली तर आवाज तुटत नाही, पण उशीर वाढतो. लहान ठेवली तर उलट. इंटरनेटचा वेग मोजून आवाज जाईल की नाही हे कळत नाही, ते याचमुळे. आवाजाला वेग अगदी थोडा लागतो. त्याला नियमितपणा लागतो.

एक चूक तर मी स्वतः पुष्कळदा पाहिली आहे. तंत्रज्ञ मोबाइलवर वेग तपासतो आणि खाली येणाऱ्या प्रवाहाचा आकडा पाहून निश्चिंत होतो. आपल्याला मात्र वर पाठवायचे असते, आणि मोबाइलच्या जाळ्यात वर जाणारी वाट अरुंद असते. एकादशीला हजारो हात फोन उंच धरून चित्रण करून पाठवत असतात, ते सगळे याच अरुंद वाटेने. रेघा भरलेल्या दिसतात, कारण रेघा मनोऱ्याचा आवाका सांगतात, मनोऱ्यापाशी किती गर्दी आहे ते सांगत नाहीत. त्या पहाटे आमचे असेच झाले होते.

उशिराने आणखी काय केले पाहा. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाच्या काळात लोक ट्रान्झिस्टर घेऊन स्टेडियममध्ये जात. रेडिओलहरी मुंबईहून नागपूरला तीन मिलिसेकंदांत पोचते. उलट बॅटचा ठोका मैदानापलीकडच्या, शंभर मीटर दूरच्या प्रेक्षकापर्यंत हवेतून जायला जवळजवळ तीन दशांश सेकंद घेतो. खेळपट्टीजवळच्या माइकने पकडलेला ठोका नागपूरच्या ओसरीत आधी ऐकू येई आणि मैदानातल्या माणसाला नंतर. आज तोच सामना ॲपवर ऐकणारा पंधरा-वीस सेकंद मागे असू शकतो. शेजारच्या घरातला जल्लोष त्याला आधी कळतो. बातम्यांआधीचे वेळेचे ठोके ॲपवर ऐकून घड्याळ लावू नये, ते याचसाठी.

ऐकणाऱ्याला उशीर चालतो. बोलणाऱ्याला चालत नाही. माणसाला स्वतःचा आवाज कानात साधारण एक पंचमांश सेकंद उशिराने ऐकवला, तर तो अडखळतो, शब्द ओढतो, चांगला वक्ताही तोतरा होतो. म्हणून बाहेर बसलेल्या निवेदकाला केंद्रावरून परत पाठवल्या जाणाऱ्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. ही साधी गोष्ट विसरल्याने वाया गेलेली प्रसारणे मी ऐकली आहेत. दोन ठिकाणचे कलाकार एकत्र गाणार असतील तर अडचण आणखी खोल. साधारण २५-३० मिलिसेकंदांपलीकडे उशीर गेला, की लय घसरू लागते. मोठ्या दिंडीत पुढचे आणि मागचे टाळ जमेनासे होतात, कारण ध्वनीला हवेतून ३४ मीटर जायला दशांश सेकंद लागतो. वारकरी विणेकऱ्याच्या हालचालीकडे डोळे लावून हे सावरतात. जाळ्यावर डोळ्यांचा तो आधारही उशिरानेच येतो.

आणि एक गोष्ट, जी मला अण्णांनी शिकवली. जुन्या लाइनवर दोन्ही टोकांना चाल नेमून देणारे घड्याळ टेलिफोनच्या जाळ्याचे असे. इंटरनेटवर तसे घड्याळ नाही. गच्चीवरच्या डब्यातला स्फटिक आणि केंद्रातल्या डब्यातला स्फटिक यांत लाखात पाचाचा फरक असला, तर तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. टाकी हळूहळू रिकामी होते किंवा उतू जाते. चाचणी दहा मिनिटांची असते, म्हणून तेव्हा सगळे ठीक दिसते, आणि बरोबर रंगात आलेल्या कीर्तनात, तासाने, आवाज अडकतो. चांगले कोडेक ही तफावत सतत मोजून आवाज किंचित ताणतात किंवा आकसतात. ते होते आहे की नाही हे पाहायचे, तर चाचणी तासाभराची हवी. दुसरा उपाय नाही.

हरवलेल्या पॅकेटांवर तोडगे आहेत. दर चार पॅकेटांमागे त्यांच्या बेरजेचे एक पाचवे पॅकेट पाठवायचे. चारांतले एक हरवले तर वजाबाकीने ते परत मिळते. २० मिलिसेकंदांचे एखादे भोक कोडेक आधीच्या आवाजावरून रफू करतो, बोलण्यात ते कळतही नाही. पण गर्दीत पॅकेटे एकेक हरवत नाहीत, गठ्ठ्याने हरवतात. तिथे बेरीज-वजाबाकी निरुपयोगी. तिथे एकच उपाय चालतो. प्रत्येक पॅकेटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या वाटांनी पाठवायच्या आणि पलीकडे जी आधी येईल ती घ्यायची. एक वाट पूर्ण बंद पडली तरी श्रोत्याला पत्ता लागत नाही. सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज दोनदा पाठवायला आज काहीच पडत नाही. आयएसडीएनच्या काळात दुसरी लाइन म्हणजे दुप्पट भाडे होते. आता दुसरी प्रत जवळजवळ फुकट आहे.

मात्र वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. आम्ही दुसऱ्या वर्षी दोन कंपन्यांची सिम घेऊन गेलो आणि स्वतःला सुरक्षित समजलो. अण्णांनी गच्चीवरून बोट दाखवले. दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर होते. मनोरा एक, त्याचा जनरेटर एक. दोन सिम म्हणजे दोन वाटा नव्हेत. त्या वर्षी आम्ही वाड्याजवळच्या एका दुकानातून फायबरची जोडणी ओढून आणली, सिम वेगवेगळ्या मनोऱ्यांकडे पाहणारी घेतली, आणि वहिनींच्या कोनाड्यातल्या फोनचा नंबर केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर चिकटवला. प्रसारण अखंड झाले. सिमने मध्ये बारा मिनिटे साथ सोडली होती, हे आम्हाला नंतर नोंदी पाहताना कळले.

तो कोनाडा आता रिकामा आहे. तारेचे फोन जगभर जात आहेत. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोनचे जाळे आणि त्यावरचे आयएसडीएन बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरली. फायबरवरचा फोनही इंटरनेटचाच, आणि वीज गेली की त्याचा डबा झोपतो. राखीव वाट देणारा कोणी उरलेला नाही. मी याबद्दल उसासे टाकणार नाही. २००६ च्या धोरणानंतर सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्रे काढता आली, म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रे उभी राहिली, आणि अशा केंद्राला तार खात्याच्या लाइनचे भाडे कधीच परवडले नसते. आज गावच्या यात्रेतून, ग्रामसभेतून, शेताच्या बांधावरून एका मोबाइलवर आवाज आणता येतो. दार सगळ्यांना उघडले आहे. त्याबदल्यात हमी गेली, आणि पूर्वी तार देणाऱ्याने घेतलेली जबाबदारी आता माइक धरणाऱ्यावर आली. ती पेलायला पैसा थोडा लागतो, तयारी पुष्कळ. माझी तक्रार आहे ती या तयारीला मिळणाऱ्या दुय्यम जागेबद्दल. कार्यक्रमपत्रिका महिनाभर आधी ठरते, निवेदक आठवडाभर आधी ठरतात आणि आवाज कोणत्या वाटेने येणार हे आदल्या संध्याकाळी पाहिले जाते. रेडिओवर ज्या आजी अंथरुणातून वारी ऐकतात त्यांच्यासाठी तो आवाज हीच वारी असते. त्यांच्या वारीत भोक पडू देणे मला मान्य नाही.

जे कोणी कोडेक घेऊन पंढरपुरात, किंवा कुठल्याही गर्दीत, जाणार असतील त्यांना माझी विनंती आहे. गर्दी येण्याआधी नव्हे, गर्दी आल्यावर चाचणी घ्या, आणि ती पूर्ण तासभर घ्या. मग मुख्य जोडणीची वायर स्वतःच्या हाताने काढा आणि केंद्रावरच्या ताईंना विचारा, आवाज येतोय का. त्या हो म्हणाल्या, तरच खाली चहाला जा.